करून शिकूया: माती बोलते, दिवा सांगतो

तायांनो, रोबोट म्हणजे सिनेमातला लोखंडी माणूसच असं नाही. जे जाणतं, ठरवतं आणि करतं, तो रोबोट. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून असं हातानं करूनच शिकवतात. आपणही घाटंजीत करू.

साहित्य: ९ व्होल्टची बॅटरी, एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, दोन खिळे, वायर.

कृती: ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे धरा. बॅटरीच्या प्लसपासून रेझिस्टर, मग एलईडीचा लांब पाय. आखूड पाय ट्रान्झिस्टरच्या डाव्या पायाला. उजवा पाय मायनसला. एक खिळा प्लसला, दुसरा मधल्या पायाला. दोन्ही खिळे कुंडीत थोड्या अंतरावर रोवा. ओल्या मातीतून थोडी वीज जाते, दिवा लागतो. माती सुकली की विझतो.

खिळे एकमेकांना टेकू देऊ नका. माझा पहिला ट्रान्झिस्टर तसाच जळाला! अन् शेतपंपाच्या विजेला हा प्रयोग कधीच जोडू नका, जिवाशी खेळ होईल.

पुढच्या बैठकीला आपापली कुंडी घेऊन या.