बालवाडीतील कागदाची परसबाग

मुंबईच्या उपनगरांत वाढणाऱ्या चार वर्षांच्या मुलास भाजी कोठून येते असे विचारले, तर ते ‘बाजारातून’ असे उत्तर देते, आणि त्याच्या अनुभवाच्या मर्यादेत हे उत्तर बरोबरच असते. मुळा जमिनीखाली वाढतो, वांगे झाडाला लोंबते आणि वालाचा वेल आधार शोधीत वर चढतो, हे पाहण्याची संधीच त्याला मिळालेली नसते. मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० साली अंधेरी व घाटकोपर ओलांडून पुढे सरकली आणि १९५७ साली दहिसर व मुलुंड ही दोन टोकेही तिच्यात समाविष्ट झाली. तत्पूर्वी या परिसरात भातखाचरे होती, खाजणे होती, आणि भात निघाल्यावर विहिरीच्या पाण्यावर होणारे भाजीचे मळे होते. बोरिवली तालुक्यातील गोराई-मनोरीकडे किंवा आरे वसाहतीतील आदिवासी पाड्यांच्या आसपास अशा लागवडीच्या खुणा अद्याप सापडतात. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीला त्यांचा उपयोग क्वचितच होतो. अंगण नसलेल्या अंगणवाडीत बाग कशी आणावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ करमणुकीचा नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर कागदात आहे. कागदकामाचा बालशिक्षणाशी असलेला संबंध जुना आहे. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेस ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. त्यांच्या शिक्षणक्रमात कागदाच्या घड्या घालणे, कापणे आणि विणणे यांस स्थान होते व प्रत्यक्ष वाफ्यांत काम करण्यासही होते. पुढे ही पद्धती जगभर पसरली तेव्हा बहुतेक ठिकाणी कागद राहिला आणि वाफे सुटले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी मुंबईतील बालशिक्षणाचा अनुभव पाठीशी घेऊन १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. १९५७ पासून हेच काम अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर वाढले. परदेशी साधनांच्या महागड्या संचांऐवजी पाने, बिया, शिंपले व दगड ही तेथील साधने होती. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. शब्दाबरोबर ती दृष्टी किती ठिकाणी पोहोचली, हे ज्याने त्याने आपल्या परिसरात पाहावे.

कागदाची बाग करण्यास घेण्यापूर्वी ऋतूचा विचार करावयास हवा, कारण येथेच पुष्कळदा गफलत होते. छापील चित्रपुस्तकांतील वसंत हा थंड देशांतील वसंत असतो. बर्फ वितळते, माती मोकळी होते आणि मुले बी पेरतात, असे चित्र त्यांत असते. आपल्याकडे माघ-फाल्गुन हा भाजीच्या काढणीचा काळ होय. भात निघाल्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर टाकलेला वाल याच सुमारास शेंगांनी भरतो. मुळा, पालक, लाल माठ, वांगी, टोमॅटो व कोबी बाजारात मुबलक असतात आणि चैत्र उजाडला की उन्हाने पालेभाज्या रोडावू लागतात. तेव्हा आपली वसंतातील बाग ही भरलेली बाग असावी. मुलांनी तीत शेवटी पेरणी न करता काढणी करावी. त्यातील मुळा उपटता आला पाहिजे, हे या कृतीचे मर्म आहे. भिंतीवर चिकटविलेल्या चित्रात ते साधत नाही.

साहित्य घरोघरी सापडणारे आहे : जुनी वर्तमानपत्रे, खोक्याचा पुठ्ठा, लग्नपत्रिका, दिनदर्शिकेची रंगीत पाने, थोडा घोटीव कागद व पतंगाचा कागद, झाडूच्या काड्या आणि बोथट टोकाच्या कात्र्या. चिकटविण्यास खळ करावी. एक वाटी कणीक किंवा मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, एकूण चार वाट्या पाणी होईल इतके पाणी घालून मंद आचेवर ढवळावे व खळ चकाकू लागताच उतरवावी. पुस्तकबांधणी करणारे खळीस कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे आणि लहान मुलांची बोटे तोंडात जातात, म्हणून बालवाडीत तो कदापि वापरू नये. ताजी खळ करावी, उरलेली टाकून द्यावी. थर्मोकोल मात्र आणूच नये. सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आहे, आणि मुलांच्या हातांना त्यापासून मिळण्यासारखेही काही नाही.

प्रथम जमीन तयार करावी. वर्तमानपत्राचे दोन थर खळीने एकमेकांवर चिकटवून, वाळल्यावर त्यातून ६४ सेंटीमीटर लांब व ३० सेंटीमीटर रुंद पट्टा कापावा. चहाच्या चोथ्याच्या पाण्याचा हात फिरविला की त्यास मातीचा रंग येतो. हे काम मुलेच कापसाच्या बोळ्याने करतात आणि त्यांना ते फार आवडते. लांबीच्या दोन्ही टोकांस २-२ सेंटीमीटर चिकटविण्यासाठी सोडून मधल्या भागावर दर ६ सेंटीमीटरला, एकदा वर व एकदा खाली, अशा पंख्यासारख्या घड्या घालाव्या. मग ४० बाय ३० सेंटीमीटरच्या पुठ्ठ्यावर हा पट्टा असा बसवावा की दोन सऱ्यांच्या तळांत सुमारे ७ सेंटीमीटर अंतर राहील, आणि सऱ्यांचे तळ पुठ्ठ्याला चिकटवावे. सुमारे ५ सेंटीमीटर उंचीचे पाच वरंबे उभे राहतात. प्रत्येक वरंब्याच्या माथ्यावर, घडीच्या रेषेवरच, ३ सेंटीमीटर लांबीच्या चार चिरा पाडाव्या. या चिरा शिक्षिकेने स्वतः पाडाव्या. पाच वरंब्यांत वीस जागा झाल्या. वीस मुलांच्या बालवाडीत प्रत्येकाची एक जागा ठरली, आणि ‘ही माझी’ म्हणण्याचा हक्क प्रत्येकास मिळाला.

आता भाज्या. मुळ्यासाठी ६ सेंटीमीटर त्रिज्येचा पाव वर्तुळाएवढा पांढरा कागद घेऊन त्याचा निमुळता पुडा वळावा व कडा चिकटवावी. हिरव्या कागदाच्या पट्टीस एका बाजूने झालर कापून ती गुंडाळून पुड्याच्या तोंडात बसवावी. हा मुळा चिरेतून सुमारे ४ सेंटीमीटर आत जातो आणि तेथेच अडतो. शेतातील मुळ्याचा खांदा मातीवर डोकावतो, तसाच याचाही डोकावतो. केशरी कागद घेतला की गाजर झाले. कोबीसाठी फिकट ते गडद हिरव्या कागदाचे लहानमोठे गोल चुरगाळून एकात एक बसवावे. टोमॅटोसाठी लाल पतंगी कागदाचा बोळा पुरतो. वांगी व टोमॅटो काडीच्या रोपास लावावी. पालक व माठ यांची पाने कात्रीने कापू नयेत, हाताने फाडावी. फाटलेली कड खऱ्या पानाच्या अधिक जवळची दिसते. वालासाठी बागेच्या कडेला काड्यांचा लहान मांडव उभारावा.

वयाप्रमाणे कामाची वाटणी करणे अगत्याचे आहे. तीन वर्षांच्या मुलाने फाडावे व चुरगाळावे, चार वर्षांच्या मुलाने चिकटवावे, पाच-सहा वर्षांच्या मुलाने घडी घालावी व कात्री चालवावी. फाडताना दोन्ही हातांच्या चिमटी विरुद्ध दिशांना चालतात आणि पुढे लेखणी धरावयाची ती हीच बोटे. हे सर्व एका दिवसात उरकू नये. चार-पाच दिवस, रोज अर्धा तास, हे प्रमाण बरे. काम संपताच हात साबणाने धुवावे, कारण वर्तमानपत्राची शाई बोटांस लागलेली असते.

भाषेचे काम यात आपोआप होते. घाटकोपर वा मुलुंडच्या एका बालवाडीत मराठी, गुजराती, हिंदी व दक्षिणेकडील भाषा बोलणारी मुले शेजारी बसतात. मराठी घरातील दुधी हिंदी घरात लौकी असतो, कोथिंबीर गुजराती घरात कोथमीर आणि हिंदी घरात धनिया असते. शिक्षिकेने सर्व नावे ऐकून घ्यावी आणि मुलांकडून म्हणवून घ्यावी. ‘चूक’ हा शब्द येथे उच्चारू नये. बाग तयार झाल्यावर वर काय खातो, खाली काय खातो, कोणत्या भाजीचे पान खातो व कोणत्या भाजीचे फळ, असे प्रश्न खेळातून घ्यावे. उपटताना मोजणी होते, टोपल्यांत वेगळे करताना वर्गीकरण होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानून खेळावर आधारित शिक्षणाचा जो आग्रह धरला आहे, त्यातील बराच भाग अशा एका पुठ्ठ्यावर मावतो.

येथे पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांस एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते. भेटीच्या दिवशी भिंतीवर जे सुबक कागदकाम दिसते, ते पुष्कळदा सेविकेने रात्री घरी बसून केलेले असते. तिचा त्यात दोष नाही. साहेबांस नीटनेटके आवडते असा तिचा अनुभव असतो. तीन वर्षांच्या मुलाचा टोमॅटो वेडावाकडाच असणार आणि वीस मुळे एकसारखे दिसले, तर ते वीस मुलांनी केलेले नाहीत हे ओळखावे. भेट देणाऱ्याने वस्तूकडे पाहून शेरा लिहिण्यापेक्षा एखाद्या मुलास ‘तुझी भाजी कोणती?’ असे विचारावे. मुलाने धावत जाऊन ती उपटून दाखविली, तर त्या वर्गात काम झाले आहे. वाकड्या कामास चांगला शेरा मिळू लागला, तर सेविकेची रात्रीची मेहनतही वाचेल.

कागदाच्या बागेवर थांबण्याचे मात्र कारण नाही. बाजारातून पानांसकट एक मुळा, वालाच्या चार शेंगा व एक वांगे आणून मुलांच्या हाती द्यावे. शेंग सोलून आतील दाणे मोजू द्यावे. मुंबईच्या बाजारात मुळांसकट लहान जुड्यांनी मिळणारी, रेतीत वाढविलेली बारीक मेथी उपनगरांतील मुलांच्या परिचयाची असते. तसाच प्रयोग खिडकीत करता येतो. पसरट डब्याच्या तळास भोके पाडून त्यात रेतीमिश्रित माती घालावी, रात्रभर भिजविलेले मेथीदाणे पसरावे व रोज पाणी शिंपडावे. चार-पाच दिवसांत अंकुर वर येतात. आपण वाढविलेली भाजी मूल सहसा नाकारीत नाही, हा अनेक शिक्षिकांचा अनुभव आहे. पोषण आहाराच्या दृष्टीने तो दुर्लक्षिण्यासारखा नाही.

ग्रामीण भागातील पंचायत सदस्यांस हा सर्व खटाटोप अनावश्यक वाटेल, कारण त्यांच्या अंगणवाडीच्या मागेच मळा असतो. तेथे क्रम उलटा ठेवावा. आधी मळ्यात जावे, शेतकऱ्याच्या परवानगीने मुलांस एक मुळा उपटू द्यावा, आणि परत आल्यावर पाहिले ते कागदात करावयास सांगावे. शाळेच्या वा अंगणवाडीच्या आवारात परसबागेसाठी दोन वाफ्यांची जागा व पाण्याची सोय करून देणे पंचायतीस अवघड नसावे. हातपंपाशेजारी वाहून जाणारे पाणी तेवढ्यास पुरते.

उपनगरांतील पुठ्ठ्यावरची जमीन चैत्रात झटकून, कागदात गुंडाळून, कोरड्या जागी ठेवावी. पावसाळ्यात तीच पुन्हा काढता येते. त्या वेळी मुळा व कोबी काढून घ्यावे, मांडव मोठा करावा आणि त्यावर काकडी, दोडका व पडवळ चढवावे. चिरा फाटल्या असल्यास आतील बाजूने कागदाची पट्टी लावली की वरंबे आणखी एक वर्ष टिकतात.