कानातील तराजू

घाटात मोटार वळणे घेऊ लागली की एखाद्या मुलीस मळमळू लागते, आणि तिचा भाऊ हसून म्हणतो, "मुली मुळातच नाजूक!" विद्यार्थिमित्रहो, या विधानात तथ्य किती, याचा विचार करू.

कान हे केवळ श्रवणाचे इंद्रिय नव्हे. अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव असतो. मस्तक फिरले की द्रव क्षणभर मागे रेंगाळतो. त्यायोगे आतील सूक्ष्म केस वाकतात व मेंदूस वार्ता पोहोचते. तदनुसार डोळे आपली दिशा सावरतात. म्हणूनच चालतानाही समोरची पाटी आपणांस स्थिर दिसते.

हे इंद्रिय तपासण्याची रीत व्हिएन्ना येथील वैद्य रॉबर्ट बारानी यांनी शोधून काढली. रोग्याचा कान थंड पाण्याने धुतला असता त्यास घेरी येते व डोळे एका दिशेस झटके देतात. पाणी ऊन असल्यास दिशा उलटते, हे त्यांच्या ध्यानी आले. तापलेले पाणी वर चढते व निवलेले खाली उतरते, तद्वत नलिकेतील द्रवही वाहू लागतो, असे अनुमान त्यांनी बांधले. त्यांस १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ती वार्ता त्यांस रशियातील युद्धबंदींच्या छावणीत समजली! पुढे १९४२ साली ३० व ४४ अंशांचे, म्हणजे देहाच्या उष्णतेहून सात अंश कमी व सात अंश अधिक असे पाणी वापरण्याची पद्धत रूढ झाली.

या परीक्षेत मुलगे वरचढ ठरतात काय? संशोधकांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. कोणास किंचित भेद आढळला, कोणास मुळीच नाही. माणसामाणसांतील अंतर मात्र फार मोठे असते. म्हणून वैद्य मुख्यतः त्याच व्यक्तीच्या उजव्या कानाची डाव्या कानाशी तुलना करतो.

तथापि प्रवासात मळमळण्याची तक्रार स्त्रियांत अधिक आढळते, हेही खरे. मग ते दौर्बल्य म्हणावे काय? ज्यांच्या दोन्ही कानांतील हे इंद्रिय निकामी झालेले असते, त्यांस समुद्र बहुधा लागतच नाही. यावरून मळमळ हे भित्रेपणाचे नव्हे, तर जागृत इंद्रियाचे लक्षण होय. कान "हालचाल आहे" म्हणतो, पुस्तकावर खिळलेला डोळा "नाही" म्हणतो, आणि या विसंवादातून मळमळ उपजते.

तेव्हा, मुलांनो, बहिणीस हसण्याऐवजी तिला पुढील जागा द्या व दूरवर पाहण्यास सांगा. मुलींनो, चालत्या गाडीत वाचन टाळा. पालकहो, मुलास वा मुलीस वारंवार घेरी येत असल्यास "मनाचे खेळ" म्हणून सोडून देऊ नका. कानाच्या वैद्यास दाखवा. मात्र वर सांगितलेला पाण्याचा प्रयोग घरी कोणीही करू नये. दुसऱ्याची पीडा आपणांस जाणवत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.