इंग्रजी भूतकाळ : एक प्रत्यय, तीन उच्चार

इंग्रजी क्रियापदांचे नियमित आणि अनियमित असे दोन वर्ग आहेत, हे आमच्या विद्यार्थ्यांना खालच्या इयत्तांपासून ठाऊक असते. 'गो'चे 'वेन्ट', 'ब्रिंग'चे 'ब्रॉट' ही अनियमित रूपे ते घोकून पाठ करतात आणि पुष्कळदा बरोबर म्हणतात. नियमित क्रियापदांकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. शेवटी 'ई' आणि 'डी' ही अक्षरे जोडली की भूतकाळ झाला, त्यात शिकायचे ते काय, असा सर्वांचा समज असतो. आमच्या मते खरी फसगत येथेच होते. कारण हा प्रत्यय लिहिताना एक असला, तरी बोलताना तो तीन प्रकारांनी उच्चारला जातो.

वर्गात मोठ्याने वाचावयास सांगितले, की 'वॉकेड', 'हेल्पेड', 'लाफेड' असे उच्चार कानी पडतात. काही विद्यार्थी चुकण्याच्या भीतीने प्रत्ययच गिळून टाकतात. हा दोष लहान वाटतो. परंतु गोव्यातील कितीतरी घरांतील मुले पुढे जहाजावरील नोकरीसाठी मुलाखतीस जातात. तेथे 'आय वर्क ऑन अ शिप' म्हटले, तर ऐकणारा समजणार की गृहस्थ आजही नोकरीवर आहे. 'आय वर्क्ट' म्हटले, तर पूर्वी नोकरी केली असा अर्थ होतो. एवढा फरक त्या शेवटच्या निसटत्या 'ट्'वर अवलंबून आहे.

हा 'ट्' कोठून आला? याचे उत्तर आमच्या विद्यार्थ्यांपाशी आधीच आहे. ते मराठी व्याकरणाच्या तासाला संधी शिकले आहेत. 'विपद्' आणि 'काल' मिळून 'विपत्काल' होतो, कारण पुढे कठोर वर्ण आल्याने मृदू 'द्' कठोर होतो. 'सत्' आणि 'आचार' मिळून 'सदाचार' होतो, तेथे उलट घडते. शेजारी आलेले दोन वर्ण एकाच जातीचे व्हावेत, अशी जिभेची ओढ असते. इंग्रजी जीभही तिला अपवाद नाही. भेद इतकाच, की संस्कृत संधीच्या या उदाहरणांत मागचा वर्ण पुढच्यासारखा होतो आणि इंग्रजीत प्रत्यय मागच्या वर्णासारखा होतो.

म्हणून क्रियापदाचा शेवटचा ध्वनी कठोर असेल तर प्रत्यय 'ट्' होतो : वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट, वॉच्ट. शेवटचा ध्वनी मृदू किंवा स्वर असेल तर 'ड्' होतो : ओपन्ड, कॉल्ड, लिव्ह्ड, प्लेड. गळ्यावर दोन बोटे ठेवून 'क्' आणि 'ग्' म्हणून पाहावे. 'ग्'ला गळा थरथरतो, 'क्'ला थरथरत नाही. इंग्रजी ध्वनी कठोर की मृदू हे ठरविण्यास एवढी परीक्षा पुरे. राहिली 'ट्' आणि 'ड्' यांनीच संपणारी क्रियापदे. 'वॉन्ट'पुढे आणखी एक 'ट्' जोडला तर तो ऐकूच येणार नाही, म्हणून मध्ये आखूड 'इ' येते : वॉन्टिड, नीडिड, पेन्टिड, विझिटिड. प्रत्ययाचा स्वतंत्र अवयव फक्त येथेच ऐकू येतो.

नियम कानाचा आहे, डोळ्यांचा नव्हे, हे मात्र विसरू नये. 'लाफ' या शब्दाच्या शेवटी 'जी' आणि 'एच' ही अक्षरे लिहितात, पण उच्चार 'फ्' असतो, म्हणून 'लाफ्ट'. 'पास'चा भूतकाळ 'पास्ट' होतो आणि तो 'भूतकाळ' या अर्थाच्या 'पास्ट' या शब्दाशी उच्चाराने तंतोतंत जुळतो.

फार पूर्वी या प्रत्ययातील स्वर सर्वत्र उच्चारला जात असे. पुढे तो झिजला. लेखनात मात्र टिकला. काही विशेषणांत तो आजही ऐकू येतो. न्यायालयात वकील प्रतिपक्षाच्या वकिलास 'लर्निड फ्रेंड' म्हणतात, ते त्यातलेच. जुन्या इंग्रजीत अनियमित असलेली कित्येक क्रियापदेही कालांतराने याच प्रत्ययाच्या छत्राखाली आली. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता. नवा शब्द आला तर त्यालाही हाच प्रत्यय लागतो. 'गूगल'चे 'गूगल्ड' झाले, आणि त्याच्या कितीतरी आधी आपल्या इकडून गेलेल्या 'लूट' या शब्दाचे 'लूटिड' झाले.

लेखनाचे नियम पाठ्यपुस्तकात आहेतच ('स्टॉप'मधील 'पी' दोनदा येतो, 'स्टडी'तील 'वाय'चा 'आय' होतो), त्यांचा विस्तार येथे करीत नाही. रचनेविषयी मात्र थोडे बोलले पाहिजे. आपण मराठीत 'आंबा खाल्ला', 'पोळी खाल्ली', 'केळे खाल्ले' म्हणतो. घरी कोंकणीतही 'तो गेलो', 'ती गेली', 'तें गेलें' असे रूप बदलतेच. इंग्रजी नियमित क्रियापदाला या लिंगवचनाची पर्वा नाही. 'ही', 'शी', 'दे' कोणीही असो, 'वॉक्ट' ते 'वॉक्ट'च. मुलगा 'मी चाललो' लिहितो, मुलगी 'मी चालले' लिहिते. इंग्रजीत ही ओळख पुसली जाते. आम्हांला हे थोडे रुक्ष वाटते, पण शिकणाऱ्याची सोय होते खरी.

एक अडचण नकारार्थी वाक्यात आहे. 'तो चालला नाही' यात भूतकाळ 'चालला'मध्येच राहतो, म्हणून विद्यार्थी 'ही डिड नॉट वॉक्ट' असे लिहून गुण घालवितात. इंग्रजीत भूतकाळाचा भार एकाच शब्दाने वाहावयाचा असतो. 'डिड'ने तो उचलला, की 'वॉक' मूळ रूपात मोकळे होते. प्रश्नार्थक वाक्यातही तसेच : 'डिड शी वॉक?'

आता पुढील उतारा घरी मोठ्याने वाचावा : 'लास्ट फ्रायडे वुई विझिटिड द म्हापसा मार्केट. वुई स्टार्टिड अर्ली अँड वॉक्ट टु द बस-स्टॉप. माय आन्ट लुक्ट ॲट द मिरचीज, लाफ्ट ॲट द प्राइस, अँड टर्न्ड अवे. द शॉपकीपर कॉल्ड हर बॅक. शी डिड नॉट आन्सर.' येथे उच्चार लिहून दिले आहेत. वहीत हीच वाक्ये इंग्रजी लिपीत उतरवून दुसऱ्या दिवशी वहीवरून वाचावी. ऐकणाऱ्या वडील माणसाला इंग्रजी येत नसले तरी चालेल. त्याने फक्त 'ट्', 'ड्' आणि 'इड' बोटांवर मोजावेत; 'ट्' तीन, 'ड्' दोन आणि 'इड' दोन भरले पाहिजेत.