ग्रामपंचायतीचे दप्तर : प्रतिबिंब आणि राखीव प्रत

चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे गाव इरई जलाशयाच्या परिसरात, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या प्रवेशद्वारापाशी वसले आहे. पर्यटकांना ते वाघांमुळे ठाऊक असले, तरी प्रशासनाच्या दृष्टीने ते जंगलालगतचे एक गाव आहे. आणि जंगलालगतच्या गावाचे दप्तर इतर गावांच्या दप्तरापेक्षा काहीसे जड असते. करआकारणीची नोंदवही, ग्रामसभेची इतिवृत्ते, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हे सर्वत्रच आले. अशा गावांत त्यात वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची छायाचित्रे, पंचनाम्यांच्या प्रती आणि वनहक्क दाव्यांचे कागद यांची भर पडते.

यांपैकी शेवटच्या कागदांचे मोल विशेष आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो आणि त्यासाठी गावातील वडीलधाऱ्या मंडळींचे लेखी जबाब हाही नियमांनी मान्य केलेला पुरावा आहे. करपावती हरवली, तर तिची दुसरी प्रत मागता येते. ऐंशी वर्षांच्या आजोबांनी दिलेला जबाब त्यांच्या पश्चात पुन्हा घेता येत नाही.

पूर्वी हे दप्तर लाकडी कपाटात असे. वाळवी, उंदीर, गळके छप्पर ही त्याची संकटे डोळ्यांना दिसत आणि त्यावर उपायही होत. आज दप्तराचा मोठा भाग संगणकात आहे. २०२० साली सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीत ग्रामपंचायतीचा आराखडा व हिशेब शासकीय सर्व्हरवर नोंदले जातात. शाळांची माहिती यू-डायस प्रणालीत भरली जाते. तथापि स्कॅन केलेले जबाब, छायाचित्रे, पत्रव्यवहार, शिक्षकांनी तयार केलेले तक्ते ही सामग्री बहुधा कार्यालयाच्या किंवा शाळेच्या संगणकातच राहते. तिच्या सुरक्षिततेविषयी विचारणा केली असता ‘आमचे सर्व काही क्लाउडवर आहे’ असे समाधानाचे उत्तर पुष्कळदा मिळते. हे समाधान तपासून पाहण्यासारखे आहे.

एक शब्द, दोन कामे

क्लाउड म्हणजे दूरच्या ठिकाणी असलेले, इंटरनेटद्वारे वापरता येणारे संगणक, एवढाच त्याचा अर्थ. तेथे फाइल पाठविण्याचे हेतू मात्र दोन असतात. पहिला हेतू असा की, एकच फाइल कार्यालयातील संगणकावर, घरच्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवर सारखीच दिसावी. यास सिंक अथवा समक्रमण म्हणतात. दुसरा हेतू असा की, मूळ फाइल नष्ट झाली किंवा बिघडली, तरी तिची पूर्वीची स्थिती हाती राहावी. हा बॅकअप, म्हणजेच राखीव प्रत.

समक्रमण हे पाण्यातील प्रतिबिंबासारखे आहे. काठावरचे झाड तोडले की पाण्यातले झाडही जाते. संगणकावर फाइल पुसली की ती क्लाउडवरून पुसली जाते, इतर सर्व उपकरणांवरूनही पुसली जाते. आणि हा त्या सेवेचा दोष नसून तिचे नेमून दिलेले काम आहे. राखीव प्रत ही कार्यालयीन भाषेत सत्यप्रतीसारखी होय. मूळ कागदावर नंतर शाई सांडली म्हणून कपाटातील सत्यप्रत डागाळत नाही.

घोटाळा होण्यास कंपन्यांनी योजलेली नावेही काही अंशी कारणीभूत आहेत. गुगलने २०१७ साली आणलेल्या एका सुविधेचे नावच ‘बॅकअप अँड सिंक’ असे होते. विंडोजमधील वनड्राइव्ह ही सेवा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांचा ‘बॅकअप’ घेण्याची सूचना करते. प्रत्यक्षात ती त्या फोल्डरांचे समक्रमण करते. विनामूल्य मिळणारी ५ जीबी जागा भरली की ‘जागा संपली’ असा संदेश येतो. समजा, एखाद्या पंचायतीच्या कार्यालयात तो संदेश वाचून, ‘मूळ फाइली तर संगणकात आहेतच, वरच्या प्रती काढून टाकू’ असा विचार झाला. विचार तर्कशुद्ध आहे, परंतु ज्यांना प्रती समजले त्या प्रती नव्हत्या. वर फाइल पुसताच खालच्या डेस्कटॉपवरूनही ती नाहीशी होते.

मोबाइलमधील गुगल फोटोजचेही तसेच. त्या ॲपमध्ये समक्रमित छायाचित्र पुसले, तर ते फोनवरून आणि खात्यावरूनही जाते. केवळ फोनची जागा मोकळी करण्यासाठी तेथे ‘फ्री अप स्पेस’ ही वेगळी आज्ञा दिलेली आहे. शेतातील नुकसानीची छायाचित्रे मोबाइलवरच काढली जात असल्याने हा फरक कर्मचाऱ्यांना माहीत असणे अगत्याचे आहे.

या सेवांना स्मरणशक्ती अगदीच नाही, असे मात्र नव्हे. पुसलेली फाइल गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात ही मुदत ३० दिवस असून कार्यालयीन व शालेय खात्यात सर्वसाधारणपणे ९३ दिवस आहे. चूक त्याच आठवड्यात ध्यानी आली, तर फाइल परत मिळते. वनहक्काचा दावा किंवा जुने इतिवृत्त कोणी दर महिन्याला उघडून पाहत नाही. त्याची आठवण अपील निघते तेव्हा होते.

न्हावा-शेवा येथील घटना

हा घोटाळा केवळ खेड्यातील कार्यालयांत होतो, असे समजण्याचे कारण नाही. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे काम अकस्मात ठप्प झाले. हे टर्मिनल चालविणाऱ्या डेन्मार्कच्या मर्स्क उद्योगसमूहाचे संगणक नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने जगभर निकामी केले होते. कोणता वापरकर्ता व कोणता संगणक संस्थेचा आहे, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर या समूहापाशी होते. ते सर्व परस्परांशी समक्रमित असल्यामुळे एक गेला तरी उरलेले त्याची राखीव प्रत ठरतील, असा हिशेब होता. सर्वच एकाच वेळी पुसले जातील, ही शक्यता त्या हिशेबात धरलेली नव्हती.

शोधाअंती एकच सर्व्हर शाबूत आढळला. तो आफ्रिकेतील घाना या देशात होता. हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेल्यामुळे तो जाळ्यापासून तुटला होता. वीज जाणे हे वरदान ठरल्याचे असे उदाहरण विरळाच! घानातील इंटरनेटचा वेग अपुरा असल्याने ती माहिती इंग्लंडला पाठविता येईना. तेव्हा तेथील एका कर्मचाऱ्याने डिस्क नायजेरियापर्यंत नेली आणि दुसऱ्या कर्मचाऱ्याने ती विमानाने लंडनला पोहोचविली. पुढे सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारण्यात आले.

मोहर्लीसारख्या गावांच्या दृष्टीने या घटनेतील दोन गोष्टी नोंद घेण्याजोग्या आहेत. वाचली ती प्रत, जी त्या क्षणी कशालाही जोडलेली नव्हती; आणि ती आली डिस्कवरून, तारेवरून नव्हे. शेकडो जीबी माहिती क्लाउडवर सुरक्षित असली, तरी मंद जोडणीवरून ती उतरवून घेण्यास किती दिवस लागतील, याचा अंदाज आधीच घेतलेला बरा.

करावयाची व्यवस्था

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’ हा संकेत येथे पुरेसा आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरे ठिकाण म्हणजे त्याच खोलीतील दुसरे टेबल नव्हे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत एकाच इमारतीतील दप्तराची काय अवस्था होते, हे राज्याने पाहिले आहे.

समक्रमण बंद करण्याची आवश्यकता नाही. रोजच्या कामास ते उपयुक्तच आहे. त्याच्या जोडीला एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यावी. आठवड्यातून एकदा ती संगणकास जोडून विंडोजमधील फाइल हिस्टरी या सोयीने प्रत घ्यावी आणि काम होताच डिस्क काढून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच बाधित होते. दुसरी डिस्क महिन्यातून एकदा भरून शाळेत किंवा पंचायत समितीत ठेवता येईल. तीत नागरिकांची खासगी माहिती असल्याने तिला पासवर्डचे संरक्षण असावे. तत्पूर्वी आणखी एक पाहावे : वनड्राइव्हच्या फोल्डरात ज्या फाइलीसमोर निळ्या ढगाचे चिन्ह असते, ती संगणकात नसतेच, केवळ तिचे नाव तेथे दिसते. प्रत घेण्याआधी अशा फाइली संगणकावर उतरवून घ्याव्यात.

खाते कोणाच्या नावाचे आहे, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ई-मेलवर उघडलेले खाते बदलीबरोबर निघून जाते. त्याने सद्हेतूने ‘जुने काम’ पुसले, तरी समक्रमणामुळे कार्यालयातील फोल्डर रिकामे होऊ शकते. म्हणून खाते पंचायतीच्या अथवा शाळेच्या नावाने असावे आणि प्रभार हस्तांतरणाच्या यादीत टेबल-खुर्चीबरोबर खात्याचा, तसेच दोन्ही डिस्कांचा उल्लेख असावा.

घेतलेली प्रत उघडते की नाही, हे पाहण्यास फार वेळ लागत नाही. तीन महिन्यांतून एकदा डिस्क शाळेच्या संगणकास जोडावी आणि तीतून एखादी जुनी फाइल, उदाहरणार्थ मागील २६ जानेवारीच्या ग्रामसभेचे इतिवृत्त, शेवटच्या पानापर्यंत उघडून पाहावे. नोंदवहीत तारीख, फाइलचे नाव आणि ‘उघडली’ किंवा ‘उघडली नाही’ एवढीच नोंद करून ग्रामपंचायत अधिकारी व मुख्याध्यापक यांनी तीवर स्वाक्षरी करावी.