हिशेब शेवटच्या चारशे मीटरचा

पुण्याच्या पावसाळी हंगामात आमची तीन वर्षांची फिली, म्हणजे तरुण घोडी, पहिल्याच शर्यतीत दुसरी आली, ती अवघ्या एका मानेने हरून. भागीदारांनी त्याच संध्याकाळी डर्बीची भाषा सुरू केली. पुढे ती सहावी आणि मग आठवी आली, तेव्हा हीच मंडळी तिला पडेल त्या भावात विकायला निघाली. मला दोन्ही पटेना, कारण दोन्ही वेळा नुसता नंबर वाचला गेला होता.

मेडन, म्हणजे अजून एकही शर्यत न जिंकलेला घोडा जोखायचा तर त्याला कोणी हरवलं, त्याने कोणाला हरवलं, हे आधी बघा. तिच्या पहिल्या शर्यतीत मागे राहिलेल्यांपैकी कोणीच नंतर चमकलं नाही. उलट ती आठवी आली त्या शर्यतीचा विजेता पुढे वरच्या वर्गातही जिंकला, आणि त्याच्यापासून ती पाचच लेंग्थ मागे होती. पाच लेंग्थ म्हणजे जेमतेम एक सेकंद. गेटमधून उशिरा सुटलं किंवा वळणावर बाहेरून फिरावं लागलं की तेवढा जातोच.

मग व्हिडिओ लावून शेवटचे 400 मीटर पुन्हा पुन्हा बघा. 1000 मीटरच्या शर्यतीत आमची फिली आधी मागे पडायची आणि संपता संपता, चाबूक न उगारता, एकेक घोडा गाठायची. विनिंग पोस्ट गेल्यावरही जॉकीला ती लवकर आवरत नसे. तिची आई 2000 मीटर जिंकलेली. अशा जनावराला अंतर कमी पडत असतं. शेवटी मान वर करून पाय आखडणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला अंतर झेपत नसेल, नाहीतर कुठेतरी दुखत असेल. कोवळ्या घोड्यांच्या पुढच्या पायांची नळी कडक जमिनीवर हमखास दुखते, तेव्हा आधी व्हेटला दाखवा.

सर्वांत खरी बातमी सईसाकडे मिळते. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मी तबेल्यात जाऊन विचारी, "मामा, रात्री दाणा खाल्ला का तिनं?"

"अर्धा टाकला होता. पहाटे चाटूनपुसून साफ केला बघा."

दोन-दोन दिवस दाणा तसाच राहिला, तर शर्यत तिला जड गेली असं समजावं.

वयही मोजा. कागदोपत्री सगळ्यांचं वय 1 जानेवारीला वाढतं, मग शिंगरू जानेवारीत जन्मलेलं असो की एप्रिलमध्ये. आमची एप्रिलअखेरची. दोन-तीन वर्षांच्या वयात हे तीन-चार महिने हाडापेरात दिसतात.

तिला विश्रांती देऊन मुंबईत 1600 मीटरला उतरवा, असं मी ट्रेनरना सांगितलं आणि भागीदारांची मनधरणी केली. योग्य अंतर, निरोगी पाय आणि ठीक जमीन असूनही दोन-तीनदा ती शेवटाला ढेपाळली, तर मात्र थांबायचं, हेही तेव्हाच ठरवलं. महिन्याचा खर्च घोडा जिंको वा हरो चालूच राहतो. पण विकायची वेळ आलीच तर घेणारा तिला नेणार कुठे, हे स्वतः जाऊन बघा; दलालाच्या शब्दावर जनावर सोडू नका.