पाणी जातं तिथं सायकल जाते का?

प्रश्न : परदेशात लोक ‘ग्रॅव्हल बाइक’ घेऊन तलाव, जंगल आणि कालव्यांच्या काठानं दिवसदिवस भटकतात, असं वाचलं. माझं आजोळ मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडचं. तिथं तर हे तिन्ही आहे. मग तिथं तसं फिरता येईल का? आणि त्यासाठी लाखभराची सायकल घ्यावीच लागते का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर कदाचित तुमच्या आजोळच्या पडवीत धूळ खात उभं असेल. काळी, उंच, दांड्याच्या ब्रेकची, मागं कॅरियर असलेली सायकल. तिच्या टायरच्या कडेवरची माती बोटानं पुसली की २८ × १½ असा आकडा दिसतो. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटरच्या आसपास. आता महागड्या ग्रॅव्हल बाइकचं माहितीपत्रक उघडा. तिथं ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर सांगितलेले असतात, आणि चाळिशीच्या आतबाहेरचे सगळ्यांत जास्त चालतात. म्हणजे दूधवाल्याची सायकल आणि ही नवी नवलाई रुंदीला जवळजवळ सारखीच. दोघींची गरजही एकच होती : डांबर नसलेल्या रस्त्यावर रुतायचं नाही आणि हाडं खिळखिळी करून घ्यायची नाहीत.

फरक उरतो तो गिअरचा, डिस्क ब्रेकचा, वजनाचा आणि वाकड्या हँडलचा. सपाटीवर त्यावाचून अडत नाही. घाटात मात्र अडतं.

ग्रॅव्हल हा खेळ तसा अलीकडचा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे. तिथल्या खडीच्या रस्त्यांवर २००६ मध्ये दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली आणि तिनं या प्रकाराला नाव मिळवून दिलं. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत झाली. आपल्याकडे ग्रॅव्हलला जुना शब्द आहे, मुरूम. आणि मुरमाचे रस्ते, पांदणी, पाटाच्या कडेच्या वाटा यांची बालाघाटात ददात नाही.

यातली पाटाची वाट मला सगळ्यांत मोलाची वाटते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. रस्ता बांधणाऱ्याला टेकाड आडवं आलं तर तो वर चढतो आणि पलीकडे उतरतो. पाटाला ती मुभा नाही. पाण्याला चढ चढता येत नाही आणि फार उतार दिला तर ते काठ खात सुटतं. म्हणून पाट आखणारा काही हजार मीटरला एखादा मीटर इतकाच उतार ठेवतो आणि जमीन वळेल तसा वळतो. सायकलवाल्याला आणखी काय हवं? पाण्यासाठी केलेली ही काटकसर आपल्या मांड्यांच्या कामी येते. तोटा एवढाच की डांबरी रस्त्यानं दोन किलोमीटरवर असलेलं गाव पाटाच्या वाटेनं चारावर जातं.

बालाघाटात वैनगंगेवर ढुटीचा बंधारा आहे, इंग्रजांच्या काळातला. त्यातून निघालेल्या कालव्यांवर वैनगंगेच्या खोऱ्यातली भातशेती पिकते. वारासिवनी, लालबर्रा या बाजूला गेलात की ही कालव्यांची जाळी दिसू लागते. तिथं ‘पाट’ म्हणून विचारू नका, ‘नहर’ म्हणा. मोठ्या नहरेच्या एका काठावर देखरेखीची रुंद वाट असते, जीप जाईल एवढी. तिच्यापासून फुटणाऱ्या फाट्यावर ती बैलगाडीपुरती होते. त्याच्याही फाट्यावर गेलात की पायवाट, आणि शेवटी धुरा.

मला हे अनुभवानं कळलं. पाणी कुठंतरी जातंय म्हणजे वाटही कुठंतरी जात असणार, या भरवशावर मी एका फाट्यानं तासभर गेलो आणि थेट एका शेतकऱ्याच्या बांधीत उतरलो. पुढचं चाक चिखलात, मागचं धुऱ्यावर. तो खत टाकत होता. कमरेवर हात ठेवून त्यानं सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, “भाऊ, इथून पाणी जाते. मानूस नाही जात.” मग त्यानंच सायकल उचलू लागून दुसऱ्या धुऱ्यावर ठेवली आणि पांदण दाखवली.

नहरेच्या वाटेच्या दोन खोडी लक्षात ठेवा. नाला ओलांडताना पाणी मोरीवरून किंवा जमिनीखालून जातं, आपली वाट मात्र तिथं तुटते. सायकल खांद्यावर घेऊन नाला उतरावा लागतो. आणि सिमेंटनं बांधलेल्या नहरेची बाजू ओली असली की माणूस आत पडल्यावर सहजासहजी वर येत नाही. काठाशी शर्यत करू नका. या वाटा पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी आहेत, म्हणून कुणी अडवलं तर हुज्जत न घालता परत फिरावं.

तलावांपैकी गांगुलपारा सोपा. बालाघाट गावापासून बैहर रस्त्याला साधारण चौदा किलोमीटरवर, बाजूला धबधबा. पहिल्या सकाळी एवढंच करा. तिथून पुढं बैहरकडे घाट लागतो आणि काळ्या सायकलीवरचा माणूस तिथं सायकलीचा हमाल होतो. सीमेच्या अलीकडे गोंदिया-भंडाऱ्यात शिरलात तर मालगुजारी तलावांना तोटा नाही. त्यातले बरेच कोहळी समाजानं बांधलेले. पाळीवरची वाट झकास असते, पण पाऊसकाळात तलाव भरला की जादा पाणी जिथून बाहेर पडतं त्या सलंगेपाशी ती अडते. पाणी घोटाभर दिसलं तरी शेवाळ असतं. उतरून चाला.

जंगलाच्या बाबतीत मात्र तुमचा उत्साह थोडा आवरतो. कान्हाचं मुक्की प्रवेशद्वार याच जिल्ह्यात आहे, पण राष्ट्रीय उद्यानात सायकल घेऊन मनाला येईल तसं शिरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आत जायला परवानगी लागते. उद्यानाबाहेरचं रानही रिकामं नाही. कान्हा आणि पेंच यांच्या मधल्या या पट्ट्यातून वाघांची ये-जा असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात तेव्हा भल्या पहाटे ती वेचायला बाया येतात आणि अस्वलंही येतात. त्या वेळी जंगलवाटेवर नसलेलं बरं. बैहर-लांजीच्या डोंगराळ भागानं नक्षल कारवायांची बरीच वर्षं पाहिली आहेत. आतल्या वाटेला लागण्यापूर्वी वनचौकीत किंवा ठाण्यात सांगून जाण्यात कमीपणा नाही. सायकलला आवाज नसतो ही एरवी आपण मिरवतो ती गोष्ट इथं धोक्याची. वळणावर घंटी वाजवत जा.

कधी जावं? दिवाळीनंतर. पावसाळ्यात मुरूम पाणी पिऊन मोकळा होतो, पण काळी माती चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये अशी ठासून बसते की चाक फिरायचंच थांबतं. काडी घेऊन खरवडत बसावं लागतं. नोव्हेंबरात धान कापणीला येतं. या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तो सुवासिक आहे हे जाहिरातीपेक्षा खळ्याजवळून सायकल नेताना जास्त पटतं.

नशीब असेल तर बांध्यांमध्ये सारसाची जोडी दिसेल. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ गोंदिया जिल्ह्यापुरताच उरलाय, आणि वैनगंगा-बाघ नद्यांच्या पलीकडे बालाघाटच्या शेतांत तोच वावरतो. १९५६ मध्ये मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, ही गोष्ट सारसांपर्यंत पोचलेली नाही. माणसाएवढा उंच पक्षी असतो. जवळ जाऊन फोटो काढायचा मोह टाळा.

या सगळ्याचा खरा शत्रू वाघ नव्हे, बाभूळ. धुऱ्यावरची बाभूळ तोडली की फांद्या वाटेवरच पडतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी सराटेही तयार होतात. दोन जादा ट्यूब, हवेचा पंप, पॅच आणि सोल्युशन घेतल्याशिवाय निघू नका. रस्त्यावरच्या मोठ्या गावांत पंक्चरवाला सापडतो, नहरेवर सापडत नाही. आणि २८ इंची ट्यूब मागितलीत तर तो लगेच काढून देईल. ग्रॅव्हल बाइकची मागितलीत तर आधी तुमची सायकल बघायला चार जण जमतील, मग ट्यूब नाही म्हणून सांगेल.

गोंदियाहून बालाघाट रेल्वेनं चाळीसेक किलोमीटर. सायकल बुक करून ब्रेक व्हॅनमधून नेता येते, पण त्या गाडीला ब्रेक व्हॅन आहे का, हे पार्सल ऑफिसात आदल्या दिवशी विचारा. पडवीतली सायकल वापरणार असाल तर तोही त्रास नाही. फक्त ब्रेकचे दांडे आणि रबर बदलून घ्या. रबर वर्षानुवर्षांत दगडासारखं झालेलं असतं, आणि गांगुलपाऱ्याहून परतताना उतार आहे.