पेढी जळगावात, सर्व्हर धुळ्यात

जळगावात पेढी आणि धुळ्यात शाखा, असे व्यापारी खानदेशात पुष्कळ आहेत. शाखेतील सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकायची तर जाणकार माणूस सुमारे ९० किलोमीटर धाडावा लागतो. विंडोज सर्व्हर २०१२ ची नेहमीची दुरुस्ती-सेवा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. जुने सर्व्हर असलेल्यांना हे काम टाळता येणार नाही. ते दुरून कसे करतात, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

सर्व्हरमध्ये मुख्य यंत्रणेखेरीज एक छोटा नियंत्रक असतो. वीज जोडलेली असली की सर्व्हर बंद असतानाही तो जागा असतो. इंटेल, एचपी, डेल व एनईसी या कंपन्यांनी १९९८ मध्ये अशा नियंत्रकांसाठी 'आयपीएमआय' ही समान पद्धत ठरवली. एचपीचा नियंत्रक 'आयलो', तर डेलचा 'आयड्रॅक' या नावाने ओळखला जातो. त्याच्या साहाय्याने जळगावात बसून धुळ्याचा सर्व्हर चालू-बंद करता येतो, त्याचा पडदा पाहता येतो आणि सीडी घातल्याप्रमाणे इन्स्टॉलेशनची फाईल जोडता येते. काही सर्व्हरांवर या सोयीसाठी वेगळा परवाना लागतो. खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे.

फाईल मात्र मोठी असते. ५ जीबीची फाईल १० एमबीपीएसच्या लाईनवरून जायला तासाहून अधिक वेळ लागतो. सर्व्हर अनेक असतील तर 'पीएक्सई' ही रीत सोयीची. तीत सर्व्हर सुरू होताच नेटवर्कवर हाक देतो आणि फाईल उतरवून घेतो. ही हाक सहसा शाखेच्या नेटवर्कबाहेर जात नाही; म्हणून फाईल देणारा संगणक धुळ्यातच ठेवावा.

आता धोका. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये डिस्क पुसली जाते. चुकीचा सर्व्हर निवडला तर वर्षांचे हिशेब क्षणात जातात. म्हणून चार गोष्टी पाळाव्यात :

१) सर्व्हरचा अनुक्रमांक शाखेतील माणसाकडून फोनवर पडताळावा.
२) बॅकअप नुसता घेऊ नये, तो उघडून पाहावा.
३) कारखान्याचा पासवर्ड बदलावा व नियंत्रक थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये, व्हीपीएनमधूनच जावे.
४) मध्येच वीज गेल्यास काम अर्धवट राहते, यूपीएस तपासून घ्यावा.

प्रवासाचा खर्च वाचतो, हे खरे. पण पडताळणीचा फोन वाचवू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.